पायलट व्हायचंय? आधी मेडिकल, मग परीक्षा, मोठी रक्कम सगळ्यात शेवटी

नारायण पेठ, पुणे : बारावीचा निकाल लागला की नारायण पेठेतल्या अभ्यासिका आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं भरून जातात. कुणी एमपीएससीचं पुस्तक मागतं, कुणी नीटचं. गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न कानावर यायला लागला आहे, "सर, पायलट व्हायला काय करावं लागतं? किती खर्च येतो?" विचारणारे आपल्या समाजातलेही असतात, आणि मुलींचे पालकही असतात. ही खुशीची गोष्ट आहे. पण या प्रश्नाचं नीट उत्तर न मिळाल्यामुळे काही घरांचं मोठं नुकसानही झालं आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वालिदांनी प्लॉट विकला आणि एका एजन्सीला आठ लाख रुपये आगाऊ भरले. "सीट बुक होईल, नाहीतर फी वाढेल," असं त्यांना सांगितलं होतं. पैसे भरल्यावर दोन महिन्यांनी मुलाची वैद्यकीय तपासणी झाली. त्याला लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नव्हता. मुलगा हुशार होता, गणितात शंभरपैकी नव्वदच्या पुढे होता, पण डोळ्यांच्या या दोषावर अभ्यासाचा इलाज नाही. भरलेले पैसे पूर्ण परत मिळाले नाहीत. जी तपासणी काही हजारांत आधी होऊ शकत होती, ती लाखो रुपये भरल्यावर झाली.

म्हणून हा लेख. पायलट होण्याच्या पायऱ्या कोणत्या, प्रत्येक पायरीला अंदाजे किती पैसे लागतात, आणि पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हे एका ठिकाणी मांडलं आहे. लेख जपून ठेवा, नातेवाइकांना पाठवा.

पायलट होण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता लष्कराचा. बारावी करताना किंवा झाल्यावर यूपीएससीची एनडीए परीक्षा, किंवा पदवीनंतर वायुसेनेची एएफसीएटी परीक्षा. इथे प्रशिक्षणाचा, राहण्या-जेवणाचा खर्च सरकार करतं. या रस्त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, कारण आपल्याकडे तो फार कमी पालकांना ठाऊक असतो.

दुसरा रस्ता नागरी विमानसेवेचा, म्हणजे प्रवासी विमानं चालवणारे पायलट. त्यासाठी कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल लागतं. ते देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सगळे तिला डीजीसीए म्हणतात. या रस्त्यावर खर्च आपला असतो आणि तो मोठा असतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. बी.एस्सी. एव्हिएशन, बीबीए एव्हिएशन, एअरपोर्ट मॅनेजमेंट असे अभ्यासक्रम आणि सीपीएल या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पदव्यांनी विमान चालवता येत नाही. जाहिरातीत विमानाचा फोटो आहे म्हणून फसू नका.

किमान पात्रता

वय : सीपीएलसाठी १८ वर्षं पूर्ण. विद्यार्थी पायलट लायसन्स, म्हणजे एसपीएल, १६ व्या वर्षी मिळू शकतं.

शिक्षण : बारावी उत्तीर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलांची इथे अडचण होते. कॉमर्स किंवा आर्ट्स झालं असेल, तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्सची परीक्षा वेगळी देता येते. अनेक पायलट असेच झाले आहेत. ही विज्ञानाची अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली, पण चर्चेच्या भरवशावर दहावीनंतर गणित सोडू नका.

भाषा : परीक्षा इंग्रजीत, रेडिओवरचं बोलणंही इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, पण अकरावीपासूनच रोज इंग्रजी वाचायची आणि बोलायची सवय लावावी. साहित्याची इंग्रजी लागत नाही. साधी, स्पष्ट, न अडखळता बोललेली इंग्रजी लागते.

पहिली पायरी : मेडिकल

वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी क्लास २, मग क्लास १. क्लास २ डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते, ही यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. सीपीएलसाठी क्लास १ लागतं, ते वायुसेनेच्या किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांत होतं. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, सगळं तपासतात.

चष्मा असला तरी चालतं, चष्म्याने नजर ठरलेल्या प्रमाणात सुधारली पाहिजे. रंगदोष मात्र मोठा अडथळा ठरतो. ठिपक्यांतून अंक ओळखायची इशिहारा चाचणी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे अगदी कमी पैशात करून घेता येते. दहावीतच करून घ्या. साखर, रक्तदाब, फिट येणं, दमा, कानाचं जुनं दुखणं असेल तर लपवू नका. लपवलेलं नंतर निघालं तर लायसन्स जातं, आणि तोपर्यंत पैसेही गेलेले असतात.

दुसरी पायरी : कागदपत्रं आणि कॉम्प्युटर नंबर

डीजीसीएच्या परीक्षांना बसण्याआधी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन असतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्डाकडून त्यांची पडताळणी लागते. पुणे विभागाच्या मुलांना हे काम विभागीय मंडळातून करून घ्यावं लागतं.

आपल्या घरांमध्ये इथेच गाडी अडते. आधारवर शेखचं स्पेलिंग एक, गुणपत्रिकेवर दुसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'मो.' किंवा 'मोहद'. सय्यद कधी नावाच्या आधी, कधी शेवटी. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात. मुलींच्या बाबतीत कुठे वडिलांचं नाव, कुठे नुसतं 'बेगम' किंवा 'बानो'. या दुरुस्त्या महिनोन् महिने घेतात. म्हणून दहावीचा फॉर्म भरतानाच नाव एकसारखं करा, आणि आधार, पासपोर्ट, जन्मदाखला त्याच्याशी जुळवून घ्या. हा सल्ला पायलटच नव्हे, प्रत्येक मुलासाठी आहे.

तिसरी पायरी : लेखी परीक्षा

सीपीएलसाठी मुख्य विषय असे :

- एअर नेव्हिगेशन : नकाशा, दिशा, वाऱ्याचा हिशेब, इंधन आणि वेळेचं गणित.
- एव्हिएशन मीटिऑरॉलॉजी : हवामान. ढग, धुकं, वादळ, मान्सून.
- एअर रेग्युलेशन्स : हवाई वाहतुकीचे नियम.
- टेक्निकल जनरल : विमान कसं उडतं, इंजिन आणि उपकरणं कशी चालतात.
- टेक्निकल स्पेसिफिक : आपण ज्या विमानावर शिकणार त्या विमानाची माहिती.

प्रत्येक विषयात ७० टक्के गुण हवेत. ३५ टक्क्यांची सवय असलेल्या मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं. याशिवाय रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा असते. ही परीक्षा आधी दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यावर ती डीजीसीएकडे आली.

महत्त्वाची गोष्ट अशी की, या लेखी परीक्षा उडायला सुरुवात करण्याआधी देता येतात. आय. सी. जोशी यांचं हवामानावरचं आणि आर. के. बाली यांची नियम व नेव्हिगेशनची पुस्तकं वर्षानुवर्षं मुलं वापरतात. क्लास लावला तर साधारण सहा महिने ते वर्षभर लागतं. मुलाला खरोखर हेच करायचं आहे की नुसती युनिफॉर्मची हौस आहे, हे या काळात घरच्यांना कळतं. निकालांना मुदत असते, त्यामुळे पास झाल्यावर वर्षानुवर्षं थांबूनही चालत नाही.

चौथी पायरी : २०० तास उड्डाण

खरा खर्च इथे होतो. सीपीएलसाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. सुरुवातीचे तास प्रशिक्षकासोबत, मग पहिलं एकट्याचं उड्डाण, त्याला सोलो म्हणतात. २०० पैकी किमान १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन करायचे असतात. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचे क्रॉस-कंट्री तास, त्यात ३०० सागरी मैलांची एक लांब फेरी, रात्रीची उड्डाणं, आणि बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याचे तास, हे सगळं त्यात येतं. बहुतेक शिक्षण सेसना १५२, सेसना १७२ किंवा डायमंड डीए४० अशा एका इंजिनाच्या छोट्या विमानांवर होतं. शेवटी काही तास दोन इंजिनांच्या विमानावर, ते सगळ्यात महाग असतात.

जाहिरातीत १२ ते १५ महिने लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दीड ते दोन वर्षं धरून चला, काहींना तीनही लागतात. पावसाळ्यात आणि धुक्यात उड्डाण बंद, विमान दुरुस्तीला गेलं की बंद, प्रशिक्षक सोडून गेला की बंद. जितके महिने वाढतील तितका हॉस्टेलचा आणि जेवणाचा खर्च वाढतो.

महाराष्ट्रात कुठे शिकता येतं?

पुण्यात लोहगावचा विमानतळ वायुसेनेचा आहे, तिथे सीपीएलचं शिक्षण होत नाही. पुणेकरांना सगळ्यात जवळ बारामती, तिथे फ्लाइंग स्कूल आहेत. बॉम्बे फ्लाइंग क्लब हा १९२८ चा, मुंबईत जुहूला सुरू झालेला. जे. आर. डी. टाटा १९२९ मध्ये तिथेच शिकून देशातले पहिले लायसन्सधारक पायलट झाले. आज या क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं. धुळे जिल्ह्यातच शिरपूरला, गोंदियाला बिरसी विमानतळावर, जळगावला आणि नागपूरला अशा संस्था आहेत. देशपातळीवर उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंज इथली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, म्हणजे इग्रुआ, ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे प्रवेशपरीक्षा, अभिरुची चाचणी आणि मुलाखतीतून प्रवेश मिळतो, आणि ओबीसी, ईडब्ल्यूएसच्या जागाही असतात.

फी भरण्याआधी संस्थेत स्वतः जा, एक पूर्ण दिवस बसा आणि हे प्रश्न विचारा :

- आज किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत आणि विद्यार्थी किती आहेत? कागदावरची संख्या नको, हँगरमध्ये बघा.
- एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास मिळतात?
- मागच्या वर्षी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले, किती महिन्यांत?
- फी हप्त्यांत आहे का? उडालेल्या तासांच्या हिशेबाने पैसे घेता का?
- मध्येच सोडावं लागलं तर न उडालेल्या तासांचे पैसे परत मिळतील का? लेखी द्या.
- इंधन दरवाढ, लँडिंग, परीक्षेचं उड्डाण, हॉस्टेल, यातलं फीमध्ये काय आहे आणि काय नाही?
- जीएसटी लावता का? सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्य अभ्यासक्रमांना जीएसटीतून सूट असल्याचं स्पष्ट करण्याचं ठरलं होतं. ५० लाखांवर १८ टक्के म्हणजे ९ लाख होतात, म्हणून हा प्रश्न छोटा नाही.

जुने नव्हे, आत्ता शिकत असलेले विद्यार्थी शोधा आणि त्यांच्याशी चहाच्या टपरीवर बोला. ऑफिसमध्ये मिळत नाही ती माहिती तिथे मिळते. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला लागली आहे. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. ती यादी बघूनच निर्णय घ्या.

पाचवी पायरी : टाइप रेटिंग आणि नोकरी

बरेच पालक इथे चकतात. सीपीएल हातात आलं म्हणजे नोकरी लागली, असं नसतं. सेसना उडवता येणाऱ्याला लगेच एअरबस देत नाहीत. एअरबस ए३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर अशा ठरावीक विमानाचं वेगळं प्रशिक्षण सिम्युलेटरवर घ्यावं लागतं, ते म्हणजे टाइप रेटिंग. कधी कंपनी निवड करून मग करायला लावते, कधी उमेदवार आधीच करून ठेवतात. कंपनीची निवड होण्याआधी टाइप रेटिंग करणं म्हणजे गाडी घ्यायच्या आधी तिचं कव्हर शिवून ठेवण्यासारखं. कंपनी दुसरंच विमान वापरत असेल तर पैसे वाया जातात.

निवड झाल्यावर आधी प्रशिक्षणार्थी, मग को-पायलट म्हणजे फर्स्ट ऑफिसर. पुढे १,५०० तास आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एटीपीएल लायसन्ससाठी पात्र होतो, आणि कंपनीच्या गरजेनुसार काही वर्षांनी कॅप्टन.

काही विमान कंपन्या स्वतःचा कॅडेट कार्यक्रम चालवतात. त्यात परीक्षा, उड्डाण आणि टाइप रेटिंग सगळं एकत्र असतं आणि पुढे नोकरीची बऱ्यापैकी, पण अटींसह, हमी असते. त्याचा खर्च एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून वर जातो.

एकूण हिशेब

खालचे आकडे अंदाजे आहेत, संस्थेप्रमाणे कमी-जास्त होतात.

- क्लास २ आणि क्लास १ मेडिकल : १५ ते ३० हजार
- कागदपत्रं, परीक्षा फी, आरटीआर : ५० हजार ते १ लाख
- लेखी परीक्षांचा क्लास : २ ते ४ लाख
- २०० तास उड्डाण, दोन इंजिनांच्या तासांसह : ४० ते ६० लाख
- दीड-दोन वर्षं हॉस्टेल, जेवण, प्रवास : ३ ते ५ लाख
- युनिफॉर्म, हेडसेट, पुस्तकं, साधनं : ५० हजार ते १ लाख
- टाइप रेटिंग : १२ ते २० लाख

एकूण साधारण ५८ लाखांपासून ९१ लाखांपर्यंत. नोकरी लागेपर्यंतचे घरी बसून काढायचे महिने यात धरलेले नाहीत.

आता या यादीकडे पुन्हा बघा. पहिल्या तीन ओळींची बेरीज जास्तीत जास्त सव्वापाच लाखांच्या आसपास होते. तेवढ्या खर्चात तब्येत बसते की नाही, अभ्यास झेपतो की नाही आणि मुलगा-मुलगी ठाम आहे की नाही, हे तिन्ही कळतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर थांबावं लागलं तरी घर उभं राहतं. मेडिकल नाही आणि एकही पेपर दिलेला नाही, अशा वेळी ४० लाखांचा करार करणं म्हणजे पाया न घालता स्लॅब टाकणं.

पैसे कुठून आणायचे?

बँकेचं शैक्षणिक कर्ज डीजीसीए-मान्य पायलट प्रशिक्षणाला मिळू शकतं. साधारण साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, म्हणजे घर किंवा जमीन. हिशेब असा. ६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे ८२,६०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ९९ लाखांच्या पुढे जाते. म्हणजे ३९ लाख नुसतं व्याज. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. नवीन को-पायलटच्या पगाराचा मोठा हिस्सा यात जातो, आणि नोकरी उशिरा लागली तर हप्ता वालिदांच्या खिशातून जातो.

सूदचा प्रश्न आपल्या घरांत पहिलाच निघतो, आणि तो निघायलाच हवा. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देणार नाही. ज्यांच्या इल्मवर तुमचा भरवसा आहे त्या आलिमना पूर्ण आकडे दाखवून विचारा. पण व्याज बाजूला ठेवून नुसतं दुनियेच्या हिशेबानेही बघितलं, तरी राहतं घर तारण ठेवून एवढी उडी मारणं धोक्याचं आहे.

सरकारी मार्ग तपासून बघा :

- राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ, म्हणजे एनएमडीएफसीची शैक्षणिक कर्ज योजना. देशातल्या शिक्षणासाठी २० लाखांपर्यंत, परदेशासाठी ३० लाखांपर्यंत. व्याज बँकेपेक्षा बरंच कमी, आणि मुलींना आणखी सवलत. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा असते. महाराष्ट्रात अर्ज मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत होतो.
- तुमची जात ओबीसी यादीत आहे का बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर तयार असेल तर इग्रुआच्या राखीव जागांसाठी केंद्राच्या यादीप्रमाणे प्रयत्न करता येतो.
- नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेने ओबीसी, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये पायलट प्रशिक्षणाची योजना आणली होती. मुस्लिम ओबीसी विद्यार्थीही या प्रवर्गात येतात. अशा जाहिराती थोडे दिवसच असतात, म्हणून महाज्योतीचं संकेतस्थळ नेमाने बघा.

हैदराबादच्या सैयदा सल्वा फातिमा यांचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असेल. वालिद बेकरीत काम करणारे. 'सियासत' दैनिकाचे संपादक जाहिद अली खान यांच्या मदतीने त्यांना फ्लाइंग अकादमीत प्रवेश मिळाला. पण सीपीएल मिळाल्यावरही गाडी अडलीच, कारण मल्टी-इंजिन आणि टाइप रेटिंगला पैसे नव्हते. पुढे तेलंगणा सरकारने ३६ लाख रुपये दिले, तेव्हा त्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटपर्यंत पोहोचल्या. आपण या गोष्टीतली हिंमत सांगतो आणि मधला थांबा विसरतो. लायसन्सपुरते पैसे जमवून भागत नाही, टाइप रेटिंगचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावे लागतात.

मुली, हिजाब, दाढी, रोजा

भारतात पायलटांमध्ये महिलांचं प्रमाण जवळपास १५ टक्के आहे, जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी पूर्णपणे महिला असलेल्या क्रूचं विमान नेलं होतं. उर्दू वाचणाऱ्यांना हिजाब इम्तियाज अली हे नाव कथांमुळे माहीत असतं, पण त्यांनी १९३६ मध्ये पायलटचं लायसन्स घेतलं होतं, हे कमी लोकांना माहीत आहे. मुलगी विचारते आहे तर "हे आपलं काम नाही" असं म्हणून तिला गप्प करू नका. तिलाही हीच यादी द्या आणि आधी मेडिकलला न्या.

सीपीएलच्या अटींमध्ये धर्माचा, पेहरावाचा मुद्दा नाही. विमान कंपन्यांचे युनिफॉर्म आणि दाढीचे नियम मात्र वेगवेगळे असतात, ते मुलाखतीआधी विचारून घ्यावेत. वायुसेनेत दाढीबाबत नियम कडक आहेत आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. सफरीत रोजा पुढे कजा करण्याची सवलत दीनमध्ये आहेच. आणि उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते, दारूचा अंश शून्य लागतो. इथे आपल्या मुलांना एक गोष्ट आयतीच सोपी आहे.

बिनखर्चाचा रस्ता : एनडीए

पुण्याहून खडकवासला किती लांब? तरी आपल्या मोहल्ल्यातून एनडीएचा फॉर्म भरणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. वायुसेनेसाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, दहावीनंतर परीक्षेतून प्रवेश मिळतो. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे.

एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ वायुसेनेचे प्रमुख होते आणि नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. हे नाव मुलांना सांगा.

नाही जमलं तर?

मेडिकलमध्ये अडलं किंवा पैसे जमले नाहीत म्हणून विमानक्षेत्र संपत नाही. फिजिक्स-मॅथ्ससह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग केलं की भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या परीक्षेला बसता येतं, मात्र तिथेही मेडिकल असतं. विमान दुरुस्तीचं एएमई लायसन्स आहे. दहावी झालेल्या, १८ वर्षांवरच्या मुलांना डीजीसीए-मान्य संस्थेतून काही दिवसांत ड्रोन पायलटचं प्रमाणपत्र मिळतं, शेतीफवारणी आणि मोजणीच्या कामांना त्याची मागणी आहे.

एक शेवटचा इशारा. ही नोकरी बाजारावर चालते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्याच २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली. म्हणजे संधी मोठी आहे, पण तुमचं मूल लायसन्स घेऊन बाहेर पडेल त्या वर्षी भरती असेलच, असं कुणी सांगू शकत नाही. पदवी सोबत बाहेरून करून ठेवा.

समाजातल्या संस्थांना विनंती

एका मुलाचे ८० लाख उचलणं कुठल्याही जमातला किंवा ट्रस्टला सोपं नाही. पण पहिला टप्पा, म्हणजे मेडिकल, कागदपत्रं आणि लेखी परीक्षा, यासाठी कर्ज-ए-हसनाचा छोटा फंड करता येईल. दहा मुलांना मेडिकल करून देऊ, त्यातले पाच परीक्षेला बसतील, दोन-तीन सगळे पेपर काढतील. मग त्या दोन-तीन जणांसाठी कॅडेट कार्यक्रम, इग्रुआ, एनएमडीएफसी असे दरवाजे ठोठावताना हातात पास झालेले पेपर असतील. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली आहे. महाज्योतीने ओबीसी मुलांसाठी जे केलं, तशी पायलट प्रशिक्षणाची योजना मार्टीतून यावी, ही मागणी आपल्या आमदारांकडे आणि संघटनांकडे लेखी जायला हवी.

आणि पालकांनी आज करायचं काम एकच. मूल दहावीत किंवा अकरावीत असेल आणि आकाशाकडे बघत असेल, तर या आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन रंगांची चाचणी करून घ्या.